गुडघ्यावर उभे गाव

एकदा एका गावाने ठरवले, की आता आपल्याला आपली मुले पोसतील.

असे कुणी उघड बोलले नव्हते. गाव वाईट नव्हते, माणसे निर्दय नव्हती. गाव फक्त भुकेले होते. नदीकाठची सूतगिरणी बंद पडली, तिचा भोंगा थांबला, आणि सकाळी उठून कुठे जायचे हेच कितीतरी घरांना कळेनासे झाले. बाजारपेठेतली दुकाने एकेक करून दुपारचीही उघडेनात. ज्यांना जमले ते तरुण पुण्याकडे गेले. ज्यांना जमले नाही ते पारावर बसून राहिले. सोयरीक जुळवायला आलेले पाहुणे गावाची कळा बघून चहा न घेताच उठू लागले.

या गावाला एकच वेड होते, फुटबॉलचे. गिरणीच्या कामगारांनी कधीकाळी ते आणले होते आणि ते पोरांच्या रक्तात उतरले होते. गिरणीमागच्या मुरमाड माळावर संध्याकाळी चेंडू उडायचा. तिथे शिकवायला शाळेचे निवृत्त व्यायामशिक्षक असत. सारे गाव त्यांना नुसते गुरुजी म्हणे. बोलणे थोडे, नजर तीक्ष्ण. मुलगा पडला की ते धावत जात नसत. आधी त्याचा चेहरा बघत, मग पाय बघत, आणि त्यातून काय ते ओळखत. सराव संपला की तांब्यातल्या पाण्याने पोरांचे खरचटलेले गुडघे धुऊन देण्याचे काम मात्र त्यांनी कधी दुसऱ्याला करू दिले नाही.

त्यांच्या शिष्यांपैकी एक मुरलीधर. लहानपणी तो गोलरक्षक होता. पुढे मोठा झाला, लोकांत मिसळला, आणि गिरणी बंद पडल्यानंतरच्या निवडणुकीत गावाने त्याला नगराध्यक्ष केले. माणूस प्रामाणिक होता. गावाची कळा बघून त्याला घास गोड लागत नसे, हे त्याची बायको सर्वांना सांगे आणि ते खरे होते.

एके सकाळी तो गुरुजींच्या अंगणात येऊन बसला. गुरुजी तुळशीला पाणी घालत होते.

"गुरुजी, एक गोष्ट मनात आली आहे. हसू नका."

"बोल."

"आपण संकुल बांधू. फुटबॉलचं, पोरांसाठी. गवताची मैदानं, राहायला वसतिगृह, बसायला गॅलरी. दरवर्षी मोठी स्पर्धा भरवू. बाहेरगावचे संघ येतील, त्यांच्याबरोबर आईबाप येतील, बघे येतील. ती माणसं कुठंतरी उतरतील, कुठंतरी जेवतील, रिक्षात बसतील. मी हे एका गावात डोळ्यांनी बघून आलोय. गिरणी गेली ती गेली, गुरुजी. पण मैदान गावाला जगवेल."

गुरुजींनी तांब्या खाली ठेवला.  मग त्यांनी एवढेच विचारले, "गवत खरंच लावणार?"

"खरंच."

"मग बांध," ते म्हणाले.  मुरुमावर फुटलेले इतके गुडघे धुतलेल्या माणसाला 'गवत' या एका शब्दापलीकडचे काही त्या दिवशी दिसले नाही.

संकुल उभे राहिले. सरकारचा काही हात लागला, एका मोठ्या कंपनीने आपली पाटी लावण्याच्या बोलीवर उरलेला भार उचलला, आणि गावाने आपल्याजवळ होते नव्हते ते त्याच्याभोवती मांडले. कुणी गच्चीवर पत्र्याच्या खोल्या चढवल्या आणि दारावर 'लॉज' असे रंगवून घेतले. कुणी शेत विकून रिक्षा घेतली. मालन नावाची एक विधवा गिरणीत रिळांच्या खात्यात कामाला होती. तिने हातातल्या पाटल्या मोडल्या आणि संकुलाच्या फाटकासमोर खानावळ घातली. तिचा एकुलता मुलगा दिगंबर गुरुजींच्या संघात पुढच्या फळीत खेळे. घरात आणि गावात त्याला दिगू म्हणत. मिसरूड फुटायच्या वयाचा, काटक, आणि चेंडू पायाशी आला की हसणारा. खरोखर हसणारा. समोरच्या खेळाडूला चकवून गेला की त्याला हसू आवरत नसे, आणि त्या हसण्यापायी कितीदा तरी त्याने हातचा गोल घालवला होता.

पहिल्या वर्षीची स्पर्धा अशी झाली, की म्हातारी माणसेसुद्धा रडली. बाहेरगावचे संघ आले. आसपासच्या खेड्यांतून लोक ट्रॅक्टर भरभरून आले, कारण यजमान संघ जिंकत जिंकत शेवटपर्यंत पोचला होता. मालनच्या खानावळीत पंगतीवर पंगती उठल्या. लॉजमध्ये पाय ठेवायला जागा उरली नाही. ज्या बाजारपेठेत कुत्री झोपत, तिथे रात्री उशिरापर्यंत कढया तापत राहिल्या. मुरलीधर रस्त्याने निघाला की लोक त्याच्या पायाला हात लावू लागले.

दुसऱ्या वर्षी यजमान संघ पहिल्याच सामन्यात हरला. त्यात विशेष असे काही नव्हते, खेळ म्हटला की हार आलीच. पण दुसऱ्या दिवसापासून खेड्यांतले ट्रॅक्टर आले नाहीत. आपली पोरे नाहीत तर कुणाला बघायला जायचे? गॅलरी ओस पडली. मालनने पातेलेभर भात म्हशींपुढे ओतला. ज्याने शेत विकले होते तो रिक्षावाला फाटकापाशी रिक्षातच बसून राहिला.

त्या वर्षी गाव एक गोष्ट शिकले. ती कुणी शिकवली नव्हती, तरी सगळ्यांना एकदमच कळली. आपली पोरे जिंकत राहिली पाहिजेत.

मग पोरांवर गावाची माया उतू जाऊ लागली. गवळी दिगूच्या घरी न मागता जास्तीचे दूध घालू लागला. न्हावी त्याचे पैसे घेईना. वाण्याच्या दुकानासमोरून गेला, की वाणी बदामाची पुडी हातावर ठेवून म्हणे, "खा बाळा, पायात ताकद पाहिजे." रस्त्यात भेटणारा प्रत्येक जण विचारी, "यंदा काय करणार?" आणि दिगू मान डोलवून म्हणे, "करू की."

सरावाच्या वेळी गुरुजींच्या एक बदल ध्यानात आला. पूर्वी सराव संपल्यावर पोरे मैदान सोडत नसत, हाकलावी लागत. आता शिट्टी वाजली की ती गुपचूप बूट काढून घरी जात. आणि दिगू चेंडू घेऊन चकवून गेला, तरी हसत नसे. गोल करी, मागे वळे, आणि गॅलरीच्या मोकळ्या पायऱ्यांकडे बघे. गुरुजींना हे खुपले. पण त्यांनी मनाची समजूत घातली, की पोरगा मोठा होतो आहे, जबाबदारी कळू लागली आहे.

तिसऱ्या वर्षी, स्पर्धा तोंडावर आली असताना, सरावात दिगूचा गुडघा मुरगळला. संध्याकाळपर्यंत तो फुगून आला. गावातल्या डॉक्टरांनी हात लावून बघितला आणि सांगितले, "शहरात नेऊन तपासायला हवं. तोवर धावणं बंद. माझं ऐका, हा गुडघा मला बरा वाटत नाही."

गुरुजींनी लगेच सांगून टाकले, की दिगू यंदा खेळणार नाही.

ही बातमी चुलीच्या धुरासारखी गावभर पसरली. मुरलीधर आधी मालनकडे गेला. ती दुपारच्या पंगती उठल्यावर जागा पुसत होती. भिंतीशी तांदळाची पोती रचलेली होती. स्पर्धेसाठी तिने ती उधारीवर भरून ठेवली होती.

"बसा अध्यक्षसाहेब. चहा टाकते."

"नको वहिनी. दिगूचं कळलं."

मालन पुसता पुसता थांबली. "डॉक्टर म्हणतात शहरात न्या. नेईन की. स्पर्धा झाली की लगेच नेते."

"म्हणजे तो खेळला तर तुमची हरकत नाही?"

"तोच म्हणतो खेळतो. मी काय म्हणू?" ती पोत्यांकडे न बघता म्हणाली. "पण चालताना त्याचं तोंड बघितलंत का तुम्ही? ओठ चावतो."

मुरलीधरने रचलेल्या पोत्यांवर हात ठेवला. मग म्हणाला, "शहरात एक माणूस आहे, मोठ्या मोठ्या खेळाडूंना सुई टोचून देतो. तेवढ्यापुरतं दुखणं जातं. चार दिवसांचा प्रश्न आहे. मग विश्रांतीच विश्रांती. सगळा खर्च नगरपालिका करेल."

"दुखणार नाही ना त्याला?"

"अजिबात नाही दुखणार."

मालनने पदराने हात कोरडे केले आणि मान हलवली. ती हो म्हणाली असे कुणाला म्हणता येणार नाही, आणि नाही म्हणाली असेही नाही. मुरलीधरने त्या मानेचा आपल्याला हवा तो अर्थ घेतला.

राहिले गुरुजी. त्यांच्याकडे मुरलीधर एकटा गेला नाही. वाणी आला, लॉजवाले आले, रिक्षावाले आले, भाजी विकणाऱ्या बाया आल्या. सगळे अंगणात मांडी घालून बसले. कुणी आवाज चढवला नाही, कुणी धमकी दिली नाही. शेत विकलेला रिक्षावाला पुढे सरकला आणि हात जोडून म्हणाला, "गुरुजी, यंदा जर गेल्या सालासारखं झालं, तर मला पोरीला शाळेतून काढावं लागेल. मी तुमच्या पाया पडतो."

गुरुजी प्रत्येकाच्या तोंडाकडे बघत राहिले. त्यातल्या निम्म्या जणांना त्यांनी लहानपणी धावायला शिकवले होते. अखेरीस ते हळूच म्हणाले, "सामन्याआधी मी त्याला विचारीन. दुखतंय म्हणाला तर उतरवणार नाही. मध्ये कधीही दुखलं तर तिथल्या तिथं बाहेर."

"कबूल," मुरलीधर म्हणाला.

सुईविषयी त्याने गुरुजींना काही सांगितले नाही.

सामने सुरू झाले. प्रत्येक सामन्याआधी गुरुजी दिगूसमोर वाकून बसत, त्याचा गुडघा दोन्ही हातांत धरत आणि विचारत, "दुखतंय का रे?"

"नाही गुरुजी."

"खरं सांग."

"शप्पथ. काहीच लागत नाही."

पोरगा खरेच सांगत होता. वसतिगृहाच्या मागच्या खोलीत, थोड्या वेळापूर्वी, त्या शहरी माणसाने आपले काम केलेले असे. गुरुजींच्या कपाळावरची आठी थोडी सैल होई. मुरलीधर जवळच उभा राहून हे प्रश्नोत्तर ऐके, आणि दर वेळी त्याला कुठेतरी बघावेसे वाटे, गुरुजींकडे सोडून.

यजमान संघ अंतिम सामन्यात पोचला. त्या दुपारी गॅलरीत माणूस मावेना. खेड्यांतून आलेल्या लोकांनी झाडे आणि गच्च्या भरून टाकल्या. लॉज, खानावळी, पानाच्या टपऱ्या सगळीकडे झुंबड होती. कंपनीचे साहेब पहिल्या रांगेत बसले होते, आणि त्यांनी मुरलीधरला कानात सांगितले, की पुढच्या वर्षी ते स्पर्धा दुप्पट मोठी करणार आहेत. मुरलीधरच्या छातीत आनंद मावेना. मालन उलथने हातात घेऊनच खानावळीतून धावत आली होती आणि कुंपणाच्या जाळीला लागून उभी होती. तिच्या कोपरापर्यंत पीठ होते.

सामना बरोबरीत होता. उत्तरार्धात दिगूला चेंडू मिळाला, तो एकाला चकवून वळला, आणि वळता वळता खाली पडला. कुणी त्याला धक्का दिला नव्हता. पाय जमिनीत रुतल्यासारखा राहिला आणि अंग पुढे गेले.

गॅलरी एकदम चिडीचूप झाली. आणि मग त्या शांततेतून एक शब्द उठला, आधी एका कोपऱ्यातून, मग सगळीकडून.

"ऊठ!"

"ऊठ दिगू! ऊठ!"

वाणी ओरडत होता. गवळी ओरडत होता. रिक्षावाला जाळीवर चढून दोन्ही हात उंच करून ओरडत होता. मुरलीधरला उमगले, की आपल्याही घशातून तोच शब्द निघतो आहे. आणि जाळीपाशी मालन, पिठाचा हात हलवत, आईच्या सगळ्या जोराने ओरडत होती, "ऊठ रे बाळा! ऊठ!"

दिगू उठला. त्याच्या चेहऱ्यावर वेदना नव्हती. त्याने एक पाऊल टाकले आणि गुडघा बाजूला, नको त्या दिशेला, कलला. पोराने खाली बघितले. दुसऱ्या कुणाचा तरी पाय आपल्याला लावला असावा, तसा तो त्या पायाकडे नवलाने बघत होता. मग त्याने दुसरे पाऊल टाकले. गॅलरीने आनंदाने आरोळी ठोकली.

तेव्हा गुरुजी जागेवरून उठले.

त्यांनी शिट्टी वाजवली नाही, पंचाला काही विचारले नाही. पायात चपला तशाच ठेवून ते गवतावरून चालत गेले, खेळता चेंडू पायाखाली अडवला, उचलला आणि काखेत घेतला. दिगूचा एक हात स्वतःच्या गळ्यात घातला. बाकीच्या पोरांना म्हणाले, "चला रे. घरी चला."

पंच धावत आले. "गुरुजी, संघ बाहेर नेलात तर सामना त्यांना द्यावा लागेल."

"द्या."

पोरे त्यांच्यामागून निघाली. एकही मागे राहिला नाही. गॅलरीला काय घडते आहे ते कळायला थोडा वेळ लागला, आणि कळले तेव्हा पाण्याच्या बाटल्या, खुर्च्या, दगड, हाताला लागेल ते मैदानात येऊ लागले. एक दगड गुरुजींच्या कानामागे लागला. सदऱ्याची कॉलर लाल झाली, पण त्यांनी दिगूचा हात सोडला नाही. कडेला मुरलीधरने त्यांना गाठले आणि त्यांचा दंड धरला.

"गुरुजी, काय करताय हे! थोडाच वेळ उरला होता. बदली खेळाडू आहे की! त्याला एकट्याला बाहेर घ्या, बाकीचे खेळू देत!"

गुरुजींनी त्याच्याकडे बघितले, दंड झटकून सोडवला आणि पुढे गेले.

त्या संध्याकाळी गॅलरीच्या निम्म्या खुर्च्या मोडल्या. बाहेरगावचे संघ जेवणही न घेता बसमध्ये बसले. कंपनीने आपली पाटी उतरवून नेली आणि पुढच्या वर्षी स्पर्धा झाली नाही. लॉजच्या पाट्या उन्हात विटल्या. गच्चीवरचे पत्रे काढून विकले गेले. रिक्षावाल्याची पोरगी शाळेतून निघाली.

गावाने हा सगळा राग गुरुजींच्या दारात आणून टाकला. गवळ्याने त्यांचे दूध बंद केले. ते पारावरून गेले की बोलणे थांबे. सरावाला पोरे येईनात, कारण घरून सोडत नसत. गुरुजी संध्याकाळी एकटेच मैदानावर जात, कडेने फिरत आणि परत येत.

आणि दिगूचा गुडघा वाचला नाही. शहरातल्या इस्पितळात त्याच्यावर पुन्हा पुन्हा शस्त्रक्रिया झाल्या. सांध्यात आतून पू झाला होता. अखेर त्याचा गुडघा कायमचा ताठ राहिला, लाकडासारखा. मोठ्या डॉक्टरांनी मुरलीधरला बाजूला घेऊन सांगितले, की गुडघा त्या शेवटच्या सामन्यात नव्हे, त्याच्या आधीच्या सामन्यांतच संपला होता. शेवटी पडला तेव्हा वाचवण्यासारखे काही उरलेच नव्हते.

हे वाक्य मुरलीधरच्या डोक्यात काट्यासारखे रुतून बसले. किती महिने तो ते घेऊन फिरला. अखेर एका दुपारी तो गुरुजींच्या अंगणात गेला. त्याला यायला इतके दिवस लागले होते, आणि आता आल्यावर त्याला बसवेना.

"गुरुजी, मला तुम्हाला एक विचारायचंय आणि एक सांगायचंय. सांगायचं आधी सांगतो. दिगूला सुई मी देववली. म्हणून तो दुखत नाही म्हणायचा."

"ठाऊक आहे," गुरुजी म्हणाले. "त्याचा पाय वाकडा झाला आणि तोंड सरळ राहिलं, तेव्हाच कळलं. आता काय विचारायचं ते विचार."

मुरलीधर उभ्यानेच ओरडला. "मग का केलंत? डॉक्टर म्हणतात पाय आधीच गेला होता. तुम्ही सामना थांबवून त्याचा पाय वाचला नाही. पण गावाचं पोट गेलं. पोरगंही गेलं आणि गावही गेलं. त्याला एकट्याला बाहेर काढलं असतं, बाकीचे खेळले असते, तर निदान एक तरी वाचलं असतं! अवघ्या गावाला का बुडवलंत?"

गुरुजी ओसरीच्या पायरीवर बसले आणि त्यांनी मुरलीधरलाही शेजारी बसवले.

"तुझे वडील गिरणीत होते," ते म्हणाले. "यंत्रात कुणाचा हात सापडला, की तिथं सगळ्यात आधी काय करायचं?"

"यंत्र बंद करायचं."

"आणि हात तर गेलेलाच असायचा."

"हो. बहुतेक वेळा गेलेलाच असायचा."

"तरी बंद करायचं. मालक कसाही असो, माल कितीही निघायचा राहिलेला असो. धावत जाऊन आधी कुणीतरी खटका ओढायचा. का, तर हात जागेवर येईल म्हणून नव्हे. यंत्र तसंच चालू राहिलं, तर उद्या माणसं त्याच्या हात खाण्याच्या आवाजाची सवय करून घेतील म्हणून." गुरुजी थोडे थांबले. "दिगू पडला तेव्हा मी कान देऊन ऐकत होतो, मुरली. इतक्या माणसांत एक तरी ओरडेल, 'लागलं का रे?' वाट बघत होतो. मालनच्या आवाजात तरी ऐकू येईल म्हणून तिच्याकडे बघितलं. तीही 'ऊठ' म्हणाली. ती वाईट आई नाही. तिच्याइतकं त्या पोरावर जीव टाकणारं कुणी नाही. पण तिची चूल त्याच्या गुडघ्यावर ठेवली होती आपण. सगळ्यांच्याच चुली ठेवल्या होत्या. दिगूला एकट्याला बाहेर घेतलं असतं, तर त्याच्या जागी दुसरा उतरला असता आणि यंत्र फिरतच राहिलं असतं. खटका ओढायला कुणीच नव्हतं, म्हणून मी गेलो. तुम्ही सगळे अंगणात हात जोडून बसला होतात, तेव्हाच तो ओढायला हवा होता. उशीर झाला. तो माझा दोष, तो काही तुझ्यावर टाकत नाही."

अंगणात ऊन पसरले होते. मुरलीधर खाली मान घालून बसून राहिला. त्याला पुन्हा पुन्हा स्वतःचा आवाज ऐकू येत होता, त्या हजारो आवाजांतला एक.

"मग आता गावानं जगायचं कसं?" त्याने शेवटी विचारले.

"ते मला माहीत नाही," गुरुजी म्हणाले. "माहीत असतं तर त्याच दिवशी सांगितलं असतं."

पुढच्या उन्हाळ्यात दुसऱ्या एका कंपनीची माणसे आली. संकुल पुन्हा सुरू करू, स्पर्धा भरवू, अट एकच, यजमान संघ तगडा पाहिजे. नगरपालिकेच्या सभागृहात गाव लोटले होते. बऱ्याच दिवसांनी लोकांच्या तोंडावर तजेला दिसत होता. मुरलीधरने त्या माणसांना शांतपणे विचारले, "खेळताना पोरगं पडलं आणि गाव 'ऊठ' म्हणालं, तर सामना कोण थांबवणार? ते आधी लिहून ठेवू. नाव घालून."

कंपनीची माणसे एकमेकांकडे बघून हसली. "अहो साहेब, त्याला पंच असतात."

"पंच चेंडूकडे बघतात," मुरलीधर म्हणाला. "पोराकडे बघणारा माणूस हवा. आणि त्याला कुणी हात लावणार नाही, असं या सभागृहानं सांगायला हवं."

लोक आपापल्या चपलांकडे बघू लागले. मग मागून कुणीतरी शिवी दिली. मुरलीधरने करारावर सही केली नाही. माणसे निघून गेली, आणि त्यानंतरच्या निवडणुकीत तो पडणार, हे सभा उठतानाच सर्वांना समजले होते. त्यालाही.

घरी जाताना तो मालनच्या दारावरून गेला. खानावळ आता नावालाच उरली होती, चार-दोन जण डबे नेत. ती दारात तांदूळ निवडत बसली होती. दिगू आत भिंतीला टेकून जमिनीवर बसला होता, एक पाय समोर काठीसारखा सरळ.

"तुम्ही नाही म्हणालात म्हणे," मालन सुपातून नजर न काढता म्हणाली.

"हो."

"मग आम्ही चूल कशी पेटवायची? सांगा ना. तुम्हाला मोठं शहाणपण आलं. आम्ही खायचं काय?"

 मुरलीधर उंबऱ्याबाहेर तसाच उभा राहिला. मालन आणखी काही बोलणार होती. राग तिच्या ओठांपर्यंत आला होता. पण तेवढ्यात आत दिगूने भिंतीवर तळहात टेकले. त्याला उठायचे होते. ताठ पाय बाजूला सरकवून त्याने चांगला पाय अंगाखाली घेतला, जोर लावला, आणि घसरून पुन्हा खाली बसला.

मालनच्या हातातले सूप थांबले. तिने तोंड उघडले आणि मिटून घेतले. ती मुलाकडे बघत राहिली, मुरलीधरही बघत राहिला, आणि दोघांपैकी कुणाच्याही तोंडातून शब्द निघाला नाही. दिगूने पुन्हा तळहात टेकले. भिंतीचा पोपडा त्याच्या नखाखाली तुटून पडला. खूप वेळाने तो उभा राहिला.

मग मालनने हळू आवाजात विचारले, "लागलं का रे?"

गावाचे पोट ज्यांच्यावर चालते, त्यांच्याकडे गाव किती प्रेमाने बघते हे महत्त्वाचे नाही. ती माणसे पडली, की गावाच्या तोंडून पहिला शब्द कोणता निघतो, तेवढे ऐकावे.